विजेची गाडी आणि कापसाची लाईन

३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून चार डब्यांची एक गाडी कोळशावाचून व वाफेवाचून निघाली, आणि बंदराच्या अंगाने नव्याने उभारलेल्या उंच मार्गावरून कुर्ल्यास जाऊन पोहोचली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते हा समारंभ झाला आणि हिंदुस्थानातील विजेच्या आगगाड्यांचे प्रकरण त्या दिवसापासून सुरू झाले. माघाचे ते दिवस वऱ्हाडात कापसाच्या हंगामाचे असतात. यवतमाळच्या जिनांत सरकीपासून वेगळी झालेली रुई गाठींत बांधली जात असते, आणि त्या काळी या गाठी अडीच फुटी रुळांवरून, वाफेच्या लहानशा इंजिनामागे, मूर्तिजापूरच्या वाटेस लागत. या दोन गाड्यांचा उल्लेख एकत्र आला की एकीकडे प्रगती आणि दुसरीकडे मागासलेपण अशी मांडणी करून मोकळे होण्याची आपल्याकडे वहिवाट पडून गेली आहे. मला ती मान्य नाही. मुंबईची विजेची गाडी आणि यवतमाळची छोटी लाईन ही एकाच व्यापाराची, एकाच देशातील भांडवलाची आणि बऱ्याच अंशी त्या देशाच्या एकाच परगण्यातील कारखानदारीची अपत्ये होत. त्यांच्या दैवांत पुढे जे अंतर पडले ते यंत्रांच्या गुणदोषांपेक्षा कागदावरील करारांमुळे अधिक पडले, आणि ते समजून घ्यावयाचे तर केवळ मुंबईचे दप्तर चाळून भागत नाही.

हा विषय माझ्या हाती आला तो लोहमार्गांच्या प्रतिकृती घडविण्याच्या छंदातून. इतिहास लिहिणाऱ्यास ‘गाडीस चार डबे होते’ एवढे लिहून पुढे जाता येते. परंतु त्याच गाडीची प्रतिकृती जो करू पाहतो त्याला डब्याची रुंदी किती, छपराचा गोलवा कसा, वीज वरच्या तारेतून घेतली की रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, तिचा दाब किती, हे सामान कोणत्या कारखान्यातून आले आणि त्या कारखान्याने ते तसेच का घडविले, या प्रश्नांची उत्तरे मिळविल्याखेरीज पत्र्यावर पहिली रेघ ओढता येत नाही. वरवर पाहता हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्यापैकी कोणताही एक प्रश्न नेटाने धरून ठेवला तर तो आपल्याला लँकेशायरपर्यंत नेतो आणि तेथून परत फिरवून दारव्ह्याच्या स्टेशनावर आणून सोडतो, हा माझा अनुभव आहे.

भुयारी मार्ग बाजूस ठेवले तर विलायतेतील विजेच्या नागरी गाड्यांचा उगम शोधताना पहिला मुक्काम लंडनला होत नाही, तो लिव्हरपूलला होतो. मर्सी नदीच्या काठाने मैलोगणती पसरलेल्या गोद्यांच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवर उभारलेला ‘लिव्हरपूल ओव्हरहेड’ हा लोहमार्ग ४ फेब्रुवारी १८९३ रोजी खुला झाला. तो खुला केला लॉर्ड सॅल्सबरी यांनी, म्हणजे ज्यांनी पूर्वी दोन वेळा भारतमंत्र्याचे पद भूषविले होते त्याच गृहस्थांनी. ज्या गोद्यांच्या कडेने ही गाडी धावे त्यांत अमेरिकेची, मिसरची आणि हिंदुस्थानची रुई उतरत असे, आणि त्या रुईच्या वायद्यांचे भाव शहरातील कापूस बाजारात ठरत. १९०४ च्या वसंतात लिव्हरपूल ते साउथपोर्ट हा मार्ग लँकेशायर अँड यॉर्कशायर कंपनीने विजेवर आणला; रुईच्या सौद्यांत श्रीमंत झालेले लिव्हरपूलचे अनेक दलाल साउथपोर्टच्या समुद्रकाठी राहत आणि रोज सकाळी पेढीवर येत, तेव्हा गाडी जलद व्हावी याची निकड कोणास होती हे निराळे सांगावयास नको. त्याच सुमारास ईशान्येस टाइन नदीकाठच्या मार्गांवरही वीज आली. पुढे १९१६ साली मँचेस्टर आणि बरी या दोन गावांमधील मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि ही दोन्ही गावे कापड गिरण्यांची. सारांश, विलायतेतील ज्या भागाने वऱ्हाडच्या कापसाकडे सर्वांआधी आशेने पाहिले, त्याच भागाने विजेच्या उपनगरी गाडीचा प्रयोग सर्वांआधी मोठ्या प्रमाणावर करून पाहिला.

या प्रारंभीच्या मार्गांवर कोणताही एक नियम नव्हता. लिव्हरपूल–साउथपोर्ट मार्गाने शेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेतली. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट कंपनीने १९०९ साली दक्षिण लंडनच्या मार्गावर डोक्यावर तारा ताणून उच्च दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला, आणि त्याचे बरेचसे सामान जर्मनीतून मागविले. तिच्या शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीने १९१५ मध्ये पुन्हा तिसऱ्या रुळाचाच आश्रय केला. मँचेस्टर–बरी मार्गाचा दाब बाराशे व्होल्ट, तर ईशान्येकडील शिल्डन ते न्यूपोर्ट या कोळशाच्या मार्गावर १९१५ साली दीड हजार व्होल्टांचा एकदिश प्रवाह वरच्या तारेतून खेळविण्यात आला. प्रत्येक कंपनीचे तंत्र वेगळे, म्हणून प्रत्येकीची गाडी वेगळी, आणि म्हणून त्या काळच्या गाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यास प्रत्येक मार्गाचे शास्त्र पहिल्यापासून शिकावे लागते. महायुद्धानंतर नेमलेल्या सरकारी समितीने या गोंधळाला आवर घालण्यासाठी दीड हजार व्होल्टांच्या एकदिश प्रवाहाची शिफारस केली. शिल्डनच्या मार्गामागे ज्यांची बुद्धी होती त्या चार्ल्स मर्झ यांच्या सल्लागार संस्थेचा मुंबईच्या योजनेशीही संबंध आला, आणि विलायतेत जो दाब अद्याप एका कोळशाच्या मार्गापुरताच होता तोच मुंबईच्या नशिबी आला. यापुढे नव्वद वर्षे मुंबईची लोकल त्याच दाबावर धावली.

मुंबईची योजना तशी जुनी होती. मुंबई इलाख्याच्या सरकारातील एक वरिष्ठ अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी १९०४ सालीच, म्हणजे साउथपोर्टची गाडी नवी असतानाच, मुंबईतून निघणाऱ्या दोन्ही लोहमार्गांना वीज लावण्याची सूचना पुढे मांडली होती. मंजुरी, अंदाजपत्रक, महायुद्ध, पुन्हा अंदाजपत्रक अशा क्रमाने ती वीस वर्षे रेंगाळली. दरम्यान सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून टाटांनी खोपोलीस वीजगृह उभे केले, आणि १९१५ पासून ती वीज प्रथम गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे मुंबईत पाण्याच्या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक कापसाचा धंदाच होता. गाडी त्याच्या मागून आली. डबे आले ते लिव्हरपूलच्या समोर, मर्सीच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेडला जहाजे बांधणाऱ्या कॅमल लेअर्ड या पेढीकडून आणि जर्मनीतील युर्डिंगेन येथील कारखान्यातून. साउथपोर्टच्या गाडीची रुंदी १० फूट होती, आणि विलायतेत त्याहून रुंद डबा नव्हता. मुंबईच्या साडेपाच फुटी रुळांवर मात्र १२ फूट रुंदीच्या उपनगरी डब्यांना वाव मिळाला, आणि मुंबईकर त्या रुंदीचा पुरेपूर उपयोग गेली शंभर वर्षे करीत आला आहे.

वीज पहिल्याने बंदरमार्गावरच का आली, या प्रश्नाचा विचार सहसा कोणी करीत नाही. कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत हा फाटा १९१० साली झाला होता. तो व्हिक्टोरिया टर्मिनसला जोडण्याचे काम आणि विजेचे काम ही बरोबरीने पुरी झाली. पण त्या मार्गाच्या दोहों बाजूंस काय होते ते पाहिले पाहिजे. समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने माझगाव–शिवडीच्या किनाऱ्यावर नवी जमीन केली होती, १९१५ पासून ट्रस्टची स्वतःची मालगाडी वडाळ्यापर्यंत चालत होती, आणि कुलाब्याच्या जुन्या कापूस मैदानाची जागा अपुरी पडल्यामुळे रुईची सारी उलाढाल शिवडीला हलविण्याचे ठरून तेथे गुदामांच्या रांगा उठत होत्या. कॉटन ग्रीन हे स्टेशन त्यातूनच निर्माण झाले. देशात पहिल्याने विजेची गाडी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गाच्या कडेस वऱ्हाड–खानदेशच्या गाठींची रास लागत असे, आणि त्या गाडीत बसणाऱ्यांत गाठी वाहणारे, मोजणारे, विकणारे व कातणारे पुष्कळ असत. गिरणगाव थोड्याच अंतरावर होते. पुढे पश्चिमेच्या बी. बी. सी. आय. कंपनीने ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली, १९२९ मध्ये वीज बोरघाट चढून पुण्यास गेली, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन निघाली. परंतु या साऱ्या मालिकेतील पहिले पाऊल रुईच्या गुदामांजवळून पडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

त्या गुदामांतील गाठ जेथून निघे त्या मुलखाकडे आता वळावयाचे. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आलेल्या वऱ्हाडात आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई; १९०५ साली त्यास यवतमाळचे नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्या रुईवाचून बंद पडू लागल्या, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे लक्ष या काळ्या जमिनीकडे लागले, आणि जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीचा लोहमार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास जाऊन भिडला. हा मोठा मार्ग यवतमाळला वळसा घालून उत्तरेकडून गेला. यवतमाळच्या कापसाला सर्वांत सोयीचे स्टेशन म्हणजे धामणगाव, आणि तेथपर्यंत सुमारे तीस मैलांची पक्की सडक. पऱ्हाटी वेचून झाली की बोजे भरलेल्या बंड्यांचे तांडे त्या सडकेने रात्रीचे चालत. बैलांची दमछाक, गाडीवानांची मजुरी आणि सडकेवर भाव उतरल्याची खबर यांचा बोजा अखेर शेतकऱ्याच्याच पदरी पडे. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरी होती, तहसील होती, जिन होते; रूळ मात्र नव्हते.

ही उणीव भरून काढण्यास जी पेढी पुढे आली ती किलिक निक्सन. मुंबईत बस्तान असलेल्या या विलायती पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली, आणि पुढील काही वर्षांत मूर्तिजापूर हे मध्यवर्ती ठाणे धरून दोन फाटे निघाले: एक उत्तरेस एलिचपुराकडे, म्हणजे आजच्या अचलपुराकडे, सुमारे ७६ किलोमीटर, दुसरा दक्षिणेस कारंजा, दारव्हा, लाडखेड, लासिना या गावांवरून यवतमाळकडे, सुमारे ११३ किलोमीटर. पुलगाव ते आर्वी हा सुमारे ३५ किलोमीटरचा तिसरा फाटा त्याच कुटुंबातला. सर्वांचे रूळ अडीच फूट अंतरावर. भांडवल कंपनीचे, पण गाडी चालविण्याचे काम जी. आय. पी. कडे आणि उत्पन्नाची वाटणी कराराने ठरलेली, अशी ही रचना होती. शाखा-मार्गांसाठी सरकारने ज्या अटी घालून दिल्या होत्या त्यांच्या आधारे विलायतेतील भागधारकांना निर्धास्त व्याज मिळे, आणि सरकारला खजिन्यास हात न लावता कापसाच्या मुलखात रूळ मिळत. लहान रुळांना जमीन कमी लागे, भराव कमी लागे, पूल हलके पुरत, वळणे आखूड घेता येत. या मितव्ययात कसलाही अवमान नव्हता. वर्षातून काही महिने कापूस आणि उरलेले महिने तुरळक उतारू, एवढ्या मालासाठी मोठी लाईन घालणे त्या हिशेबात बसत नव्हते, इतकेच.

अडचण होती ती मूर्तिजापुरास. अडीच फुटी वाघिणीतील माल साडेपाच फुटी वाघिणीत आपोआप जात नाही. प्रत्येक गाठ उतरवावी लागते आणि पुन्हा चढवावी लागते. दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठीचे वजन व्यापारी हिशेबात ३९२ रत्तल, म्हणजे सुमारे १७८ किलो. दोन गाठींची मिळून मुंबईची एक खंडी. लांबी सुमारे चार फूट. ती गाठ पेलणे एका माणसाचे काम नव्हे. दोन फलाटांच्या मधल्या त्या पट्टीवर हमालांच्या टोळ्या आकड्यांनी गाठी ओढीत, कलत्या करून लोटीत, पट्ट्यांच्या कडांनी तळहात कापून घेत. कारकून मार्का पाहून बिल्टीवर खूण करी, आणि ज्या गाठीची पट्टी सुटलेली असे तिच्या तक्रारीचा कागद वेगळा होई. यवतमाळच्या जिनवाल्याला मुंबईचा भाव आणि आपला भाव यांतील जो फरक दिसे त्यात या पट्टीचा हिस्सा होता. वऱ्हाडची रुई आखूड धाग्याची. लँकेशायरच्या बारीक सुताला ती फारशी मानवली नाही, आणि विसाव्या शतकात तिची मोठी गिऱ्हाइके म्हणजे मुंबईच्या गिरण्या व जपान. म्हणून मूर्तिजापुरात चढलेली गाठ बहुधा मुंबईलाच जाई, आणि शिवडीच्या गुदामात पडून राही. तेथून काही पावलांवर दीड हजार व्होल्टांची तार होती.

या लाईनीचे इंजिनही मँचेस्टरचे. झेडडी वर्गाचे हे वाफेचे इंजिन १९२१ साली तेथे घडले, १९२३ पासून या मार्गावर धावले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. सत्तर वर्षांहून अधिक काळ एका यंत्राने एकाच मुलखाची सेवा करावी हे फार थोड्या यंत्रांच्या वाट्यास येते. लोकांनी या गाडीस शकुंतला असे नाव दिले आणि ते घरोघर रुजले. कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, त्यामुळे दर्शनास जाणाऱ्या मंडळींचीही ती गाडी झाली. उत्तरकाळात तिच्या पुष्कळ स्टेशनांवर कोणी कर्मचारी उरला नव्हता. गाडी थांबली की गार्डच खाली उतरून तिकिटे देई, फाटक आले की गाडीवरचाच माणूस उतरून ते लावी आणि गाडी पुढे गेली की उघडून पुन्हा चढे. घाईच्या माणसास हे सोसवत नसे. पण दारव्ह्याच्या बाजाराला निघालेल्या बायामाणसांना, शाळकरी मुलांना आणि टोपल्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्यांना स्वस्त भाड्याची दुसरी गाडी नव्हती.

आता करारांकडे. १ जुलै १९२५ रोजी, म्हणजे बंदरमार्गावर विजेची गाडी धावल्यापासून पाच महिन्यांच्या आत, जी. आय. पी. चा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. पुण्यापर्यंत व इगतपुरीपर्यंत वीज नेण्याचा पुढचा खर्च म्हणूनच सरकारी तजविजीने झाला. यवतमाळच्या लाईनीवर गाडी चालविणारी जी. आय. पी. सरकारी झाली, पण रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली तेव्हाही हीच स्थिती. देशातील बहुतेक लोहमार्ग राष्ट्राच्या मालकीचे झाले आणि हा लहानसा फाटा खासगी कंपनीच्या नावावर राहून त्याचे भाडे मध्य रेल्वे भरीत राहिली. ठराविक मुदतीने करार नवा करावा किंवा मार्ग विकत घ्यावा अशी तरतूद होती, आणि दर मुदतीस कराराचे पारडे जड झाले. ज्याची मालकी त्याला गाडी चालवावयाची नाही, आणि जो गाडी चालवितो त्याची मालकी नाही. अशा स्थितीत नवा रूळ टाकावा, पूल बळकट करावा, रुंद मार्ग करावा असे कोणाच्याच हिशेबात येत नाही. मुंबईच्या गाडीला गव्हर्नर, पोर्ट ट्रस्ट, गिरणीमालक आणि कायदे मंडळ असे चार वाली होते. यवतमाळच्या गाडीला एक जुना कागद होता. माझ्या मते या एका फरकाने पुढची शंभर वर्षे ठरविली, आणि तो फरक विदर्भाच्या लोकांच्या आळसाचा किंवा उदासीनतेचा परिणाम म्हणून सांगणे हा अन्याय आहे.

प्रतिकृतीच्या मेजावर हा सारा विषय मिलिमीटरांत येऊन बसतो. योगायोग असा की ज्या साली मुंबईत विजेची गाडी आली त्याच १९२५ साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने आपली पहिली विजेवर चालणारी खेळण्यातील गाडी बाजारात आणली, आणि नमुना म्हणून घेतली ती लंडनच्या मेट्रोपॉलिटन कंपनीची उपनगरी गाडी. ती घरातील दिव्याच्या विजेवर, म्हणजे शंभर व्होल्टांहून अधिक दाबावर चाले. मुलांच्या हाती इतका दाब देणे धोक्याचे ठरून लवकरच चार व्होल्टांची गाडी आली. पुढे १९३८ साली त्याच कारखान्याने एका फुटास चार मिलिमीटर हे माप घेऊन गाड्या काढल्या, आणि ते माप विलायतेत रूढ झाले. मी तेच माप घेतले आहे, कारण त्यात आपले मार्ग फार सुरेख बसतात: साडेपाच फुटी रूळ २२ मिलिमीटर, अडीच फुटी रूळ बरोबर १० मिलिमीटर, मुंबईचा डबा ४८ मिलिमीटर रुंद, साउथपोर्टचा ४०, आणि कापसाची गाठ १६ मिलिमीटर लांब. दोन रूळ एका फळीवर शेजारी ठेवले, मध्ये मूर्तिजापूरची ती पट्टी काढली आणि तीवर आगपेटीच्या काड्यांहून बऱ्याच जाड अशा गाठी रचल्या, म्हणजे गेज बदलण्याचा जो खर्च अहवालांत एका ओळीत संपतो तो डोळ्यांसमोर उभा राहतो. पट्टी अरुंद केली तर माणसे मावत नाहीत. रुंद केली तर गाठ न्यावयाचे अंतर वाढते. त्या काळच्या अभियंत्याला याचा तोल साधावा लागला, आणि प्रतिकृतीकारालाही लागतो.

संशोधनात सर्वांत मोठी फसगत रंगांची असते. त्या काळची छायाचित्रे ज्या काचांवर व फितींवर घेतली जात त्यांपैकी पुष्कळांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडी वस्तू काळीभोर उमटे आणि निळे आकाश पांढरे होई. म्हणून छायाचित्रात काळा दिसणारा डबा काळा होता असे मानणे धोक्याचे, आणि दोन छायाचित्रांतील एकाच डब्याच्या दोन छटा म्हणजे दोन रंग असेही नव्हे. येथे कारखान्याचे नकाशे, वार्षिक अहवाल आणि जुन्या लोखंडावर रंगाच्या थरांखाली उरलेला पहिला थर हेच साक्षीदार कामी येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्या पिढीची विजेची इंजिने उभी आहेत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात घाटातले मालगाडीचे लांब इंजिन पाहावयास मिळते. आणि विदर्भातल्या वाचकाला सर्वांत जवळचे म्हणजे २००२ साली नागपुरास मोतीबागेत उघडलेले अरुंद लोहमार्गांचे संग्रहालय, जेथे अडीच फुटी गाडीच्या चाकाजवळ वाकून माप घेता येते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी हयातभराच्या परिश्रमाने उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले आहे. सिग्नल, फाटके, गाड्या यांचे अख्खे शहर एका दालनात चालते ठेवणाऱ्या त्या मराठी कारागिराचे ऋण या छंदातील प्रत्येकाने मानावे असे आहे. मराठीत या विषयावर लेखन थोडे आहे, पण हातांचे काम झालेले आहे, आणि ते उत्तम आहे.

मुंबईच्या दीड हजार व्होल्टांची कारकीर्द बंदरमार्गावर एप्रिल २०१६ मध्ये संपली. जेथे ती आरंभली तेथेच ती अखेरची उरली होती. यवतमाळची छोटी लाईनही त्याच दशकात थांबली. तिचे मोठ्या लाईनीत रूपांतर करावे अशी मागणी जुनी आहे आणि ती पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या नव्या मोठ्या लाईनीचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा यवतमाळ तालुक्याच्या शेजारापर्यंत साडेपाच फुटी रूळ येऊन ठेपले. जुन्या मार्गावर मात्र नवे काम निघाले की पहिल्या आठवड्यात जुने रूळ, स्लीपर, खुणेचे दगड आणि लहान पुलांचे गर्डर हलतील, कारण ते हलविल्याशिवाय नवे काम होत नाही. यासाठी ज्यांच्या गावावरून ही लाईन गेली त्या शाळांतील शिक्षकांना व मुलांना माझी विनंती आहे की त्यांनी फीत घेऊन आधी मापे उतरून ठेवावीत: फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून, इमारतीची लांबी व रुंदी, खिडकीची चौकट, छपराचा उतार, पाण्याच्या टाकीचा व्यास, सिग्नलच्या खांबाची उंची, पुलाच्या प्रत्येक गाळ्याची लांबी. गर्डरवर कारखान्याचे नाव व साल ओतलेले असेल तर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घ्यावा. दारव्ह्यापासून आरंभ करावा, कारण तेथील आवार मोठे आहे आणि मोजावयाचे सर्वांत जास्त तेथेच आहे. मग लाडखेड, मग लासिना, आणि शेवटी यवतमाळ.